नळाखालचं पातेलं

आई रात्री निजायच्या आधी मोरीतल्या नळाखाली ॲल्युमिनियमचं एक पातेलं उपडं घालून ठेवायची. ठाण्यात किसननगरला आमची बैठी चाळ होती. पाणी पहाटे यायचं, चारच्या सुमाराला. कधी पावणेचार, कधी साडेचार, आणि दाब कमी असला की तासाभरात जायचंही. पाणी येण्याआधी नळातून हवा येते. आधी एक लांब उसासा, मग फुसफुस, मग चार-दोन थेंब आणि मग धार. ते चार-दोन थेंब पातेल्याच्या बुडावर टण् टण् वाजले की आई उठायची. गजराचं घड्याळ घरात होतं, पण त्याने सगळं घर उठलं असतं, आणि पाण्याची वेळच नक्की नाही तर गजर कितीचा लावणार? पातेलं तिला एकटीलाच उठवायचं. आजी, अण्णा, मी आणि धाकटा भाऊ त्याच खोलीत झोपलेलो असायचो. आमच्यापैकी कुणाला तो आवाज कधी ऐकू आला नाही. मी तो पहिल्यांदा ऐकला दहावीच्या वर्षी, अभ्यासाला जागत होते तेव्हा. एक थेंब वाजला, आणि दुसरा पडायच्या आत आई उठून बसली होती. केस बांधत होती. डोळे अजून मिटलेलेच होते.

मग फडकं बांधून प्यायच्या पाण्याचा हंडा, त्यानंतर कळश्या, मग पिंप, मग बादल्या, आणि पाणी अजून असलंच तर कपडे. पाचला स्टोव्ह पेटायचा. अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, तीन पाळ्यांत. पहिली पाळी असली की त्यांचा डबा सहाच्या आत भरायचा. दुसरी पाळी असली की ते रात्री पावणेबाराला घरी यायचे, आणि त्यांना गरम भाकरी वाढून, भांडी आवरून आई आडवी व्हायची तेव्हा साडेबारा वाजलेले असायचे. साडेबारा ते चार. बोटांवर मोजता येतील एवढे तास.

पण आमच्या घरात ते कुणी मोजले नाहीत. कारण सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: तिला झोप कमीच लागते. आजी म्हणायची, शेजारच्या काकू म्हणायच्या, आणि आई स्वतः म्हणायची, “मला नाही गं बाई झोप लागत फारशी.” त्यात थोडा अभिमानही होता. गावाकडच्या आत्याचं उदाहरण तयार असायचं: ती साडेचार-पाच तास झोपते आणि दिवसभर शेतात राबते, घराण्याची रीतच आहे. आत्या अण्णांची बहीण, आईच्या रक्ताची नव्हे, हे कुणाच्या लक्षात येत नसे.

घराण्याच्या या रितीत मी बसत नव्हते. मला नऊ तास लागायचे, अजूनही लागतात. सातवीत असताना दुपारच्या तासाला मला पेंग आली म्हणून बाईंनी बाकावर उभं केलं होतं आणि सगळ्या वर्गाला माझं नाव ‘कुंभकर्ण’ म्हणून सांगितलं होतं. ते नाव शाळा सुटेपर्यंत राहिलं. घरी येऊन मी आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “अगं, झोप वाढवली की वाढते, आवरली की आवरते.” असं म्हणताना तिची मान एकदा खाली गेली आणि सावरली. मी बारा वर्षांची होते. मला तिचं बोलणं ऐकू आलं, मान दिसली नाही.

आपल्या भाषेत ‘लागणं’ हे फार मोठं क्रियापद आहे. मला पडल्या पडल्या झोप लागते, असं आपण म्हणतो; मला आठ तास झोप लागते, असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात झोप येऊन आपल्याला गाठते, दुसऱ्यात ती आपली गरज असते, जशी भाजीला मीठ लागतं, घराला पैसे लागतात. आई ‘मला झोप लागत नाही’ म्हणायची तेव्हा ती यातलं नेमकं काय सांगत होती, हे विचारायला हवं होतं. आणि या दोन ‘लागण्यां’च्या शेजारी एक तिसरं क्रियापद आहे, मिळणं. किती झोप लागते आणि किती मिळते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या माहितीतली बहुतेक घरं दुसऱ्याचं उत्तर पहिल्यासमोर लिहून मोकळी होतात.

किती लागते, याची ढोबळ उत्तरं अभ्यासकांनी दिलेली आहेत. 2015 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने तज्ज्ञांना बसवून वयानुसार आकडे काढले. नवजात बाळाला 14 ते 17 तास, शाळेच्या वयाच्या मुलांना 9 ते 11, चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10, मोठ्यांना 7 ते 9, आणि पासष्टीनंतर 7 ते 8. मला यातले आकडे जितके महत्त्वाचे वाटतात तितकीच त्यांच्यामधली जागा वाटते. सात ते नऊ म्हणजे दोन तासांची रुंदी. त्यापलीकडेही त्यांनी सोय ठेवली होती की एखाद्या धडधाकट माणसाला सहा पुरू शकतात आणि एखाद्याला दहा लागू शकतात. ‘आठ तास’ हा आपल्या तोंडी बसलेला आकडा या पट्ट्याच्या मधोमध येतो एवढंच. चपलेचा नंबर जसा बाजारातल्या सरासरीवरून कुणी घेत नाही, तसाच हा.

एवढा फरक का पडतो? थोडा वाटा वयाचा. लहानपणी शरीर आणि मेंदू दोन्ही घडत असतात, आणि वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त गाढ झोपेत स्रवतं. वय वाढतं तशी ही गाढ झोप कमी होत जाते, म्हणून म्हातारपणी झोप सावध होते, मधे मधे तुटते. मोठा वाटा जन्मजात असतो. जुळ्या भावंडांचे अभ्यास झाले आहेत, त्यांतून झोपेची लांबी बऱ्याच अंशी अनुवंशिक असल्याचं दिसतं. 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या यिंग-हुई फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबातल्या आई आणि मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघी सव्वासहा तासांच्या आसपास झोपायच्या आणि ताज्यातवान्या असायच्या. त्या दोघींच्या ‘डीईसी-2’ नावाच्या जनुकात एक छोटा बदल सापडला, जो घरातल्या इतरांमध्ये नव्हता. पुढे असे आणखी काही जनुक सापडले. पण हे बदल अतिशय विरळ आहेत. कमी झोपेत खरोखर भागणारी माणसं जगात आहेत, मात्र ‘माझं भागतं’ म्हणणाऱ्या माणसांपेक्षा ती कितीतरी थोडी आहेत.

ती मायलेकींची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. एकीची झोप दुसरीला वारशाने मिळाली होती. मग माझी कुणाकडून आली?

मला एक जुना प्रयोग फार आवडतो. 1938 मध्ये शिकागोचे संशोधक नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत 32 दिवस जाऊन राहिले. सूर्यप्रकाश नाही, तापमान सारखं. तिथे त्यांनी 28 तासांचा दिवस पाळायचं ठरवलं. तरुण रिचर्डसनचं शरीर थोड्या दिवसांत त्या लांब दिवसाला बऱ्यापैकी सरावलं. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांचं सरावलं नाही. त्यांना आपल्या जुन्या चोवीस तासांच्या हिशोबानेच झोप यायची, मग गुहेतलं वेळापत्रक काहीही सांगो. एकच गुहा, एकच दिवा, जेवणाच्या वेळाही त्याच, आणि दोन माणसांच्या दोन झोपा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तर पाच होत्या.

झोप येते कशी, याचं गणित आता बरंच उलगडलं आहे. 1982 मध्ये स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी ते दोन भागांत मांडलं. पहिला भाग झोपेच्या ओढीचा. जागं झाल्यापासून ही ओढ पिंपात पाणी साठावं तशी साठत जाते. मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ जमत जातो, हे तिचं एक कारण. झोपलं की पिंप रिकामं होतं. चहा-कॉफीतलं कॅफीन हे पिंप रिकामं करत नाही. ॲडेनोसिनला मेंदूत जिथे बसायचं असतं त्या जागा कॅफीन अडवतं, म्हणजे पिंप भरल्याची वर्दी पोचत नाही, पाणी मात्र चढतच असतं. दुसरा भाग घड्याळाचा. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर सुमारे 20 हजार पेशींचा एक पुंजका असतो. तो शरीराची वेळ राखतो. त्याचा स्वतःचा दिवस सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, आणि सकाळचा उजेड तो रोज जुळवून घेतो. पिंप भरलेलं आणि घड्याळाने ‘आता रात्र’ म्हटलेलं, असं दोन्ही जुळलं की माणूस गाढ झोपतो.

अण्णांच्या रात्रपाळीत हे दोन कधीच जुळत नसत. सकाळी आठला ते सायकलवरून घरी यायचे, उजेड थेट तोंडावर. रात्रभर मशीनवर उभं राहून पिंप काठोकाठ भरलेलं, आणि घड्याळ ओरडून सांगतंय की दिवस सुरू झाला. ते डोळ्यांवर पंचा बांधून झोपायचे. आई खिडकीला गडद निळी चादर अडकवायची, आम्हाला बाहेर पिटाळायची, कुणी हाक मारत आलं तर ओठांवर बोट ठेवून पायरीवरच बोलायची. वर पत्रा. एप्रिल-मेमध्ये दुपारी एकनंतर तो तापला की खोलीत भट्टी व्हायची. गाढ झोपेसाठी शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात पत्र्याखाली ते कसं येणार? दीडला अण्णा उठून बसायचे, घामाने भिजलेले, लाल डोळ्यांचे. म्हणायचे, “झाली झोप.” आठवड्याने पाळी बदलायची. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकतं, म्हणजे ते रात्रपाळीला जेमतेम जुळू लागलं की पहिली पाळी यायची. अशी सत्तावीस वर्षं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकलं, ही बातमी मी वाचली तेव्हा अण्णा घरी असायचे. कारखाना बंद होऊन काही वर्षं झाली होती. मी त्यांना ती दाखवली नाही. कारखाना गेल्यावरही रात्री दोन वाजता ते टक्क जागे असायचे, अंधारात पायरीवर बसलेले.

ऐरोलीच्या फलाटावर मला अजूनही अण्णा दिसतात. मी ठाण्याहून रबाळ्याला जाते, ट्रान्स-हार्बरने, हिशोबाचं काम करते. सकाळी आमची गाडी ऐरोलीला थांबते तेव्हा शेकडो मुलं-मुली उतरून आयटी पार्ककडे चालू लागतात, आणि समोरच्या फलाटावर ठाण्याच्या गाडीसाठी रात्रपाळी संपवलेली मुलं उभी असतात. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांवर काळे चष्मे. चष्मा सकाळी घरी जातानाच घालतात, उजेडाने झोप मोडू नये म्हणून. एकीने मला हे सांगितलं तेव्हा मला निळ्या चादरीची आठवण झाली. ती म्हणाली, “काकू, घरचे म्हणतात दिवसभर झोपलेली असतेस. मी चार तास झोपते हो.”

आणि आमच्या डब्यात तर सगळ्याच झोपलेल्या. ठाणे सोडलं की पाच मिनिटांत माना कलतात. दिघा येईपर्यंत बायका गाढ असतात, कुणी खांद्यावर, कुणी खिडकीच्या गजावर, कुणी दांडी धरून उभ्या उभ्या. पूर्वी मला वाटायचं, काय छान झोप लागते यांना. झोपेच्या दवाखान्यांत एक तपासणी करतात. माणसाला दिवसा दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत आडवं करतात आणि झोप लागायला किती वेळ लागतो ते मोजतात. पुरेशी झोप झालेल्या माणसाला दिवसा अशी झोप लागायला बराच वेळ जातो, लागली तर. पाच मिनिटांत लागली तर ती झोपेची थकबाकी असते. सकाळी नऊ वाजता, एवढ्या गोंगाटात, उभ्याने झोप लागणं ही छान गोष्ट नव्हे. भुकेला कोंडा, निजेला धोंडा. भूक इतकी की कोंडाही चालतो आणि नीज इतकी की दगडही उशाला पुरतो. ही म्हण आपण समाधानी माणसाचं कौतुक म्हणून वापरतो. मला ती आता उपाशी माणसाची वाटते.

थकबाकीचा सर्वांत वाईट भाग हा की ती ज्याची त्याला कळत नाही. 2003 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या व्हॅन डाँगेन आणि डिंजेस यांनी निरोगी माणसांना सलग चौदा रात्री ठरावीकच झोपू दिलं: काहींना चार तास, काहींना सहा, काहींना आठ. रोज त्यांच्या लक्षाची आणि प्रतिक्रियेच्या वेगाची परीक्षा घेतली. सहा तासवाल्यांची कामगिरी रोज थोडी थोडी घसरत गेली, आणि दोन आठवड्यांनी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. पण ‘तुम्हाला किती झोप येतेय’ असं विचारलं की सुरुवातीच्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदलत नव्हतं. त्यांना वाटत होतं आपण सरावलो. सहा तास म्हणजे उपासमार असं आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही. माझ्या डब्यातल्या निम्म्या बायका सहा तास मिळाले तर देवाला हात जोडतील.

आईच्या उजव्या हाताच्या पुढच्या बाजूला भाजल्याचे चार-पाच डाग आहेत. स्टोव्हचे, तव्याच्या कडेचे. एक लांबट आहे, उकळत्या भाताच्या पेजेचा. आमच्या घरात त्याचंही एक उत्तर तयार होतं: ती धांदरट आहे. आजी तिला बोलायची, “लक्ष कुठे असतं गं तुझं?” रेशनच्या रांगेत ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि तिचा नंबर निघून जायचा. भाऊ तिला गोष्ट सांगायला लावायचा आणि ती मधेच भलतंच वाक्य बोलायची, राजा जंगलात गेला आणि पिंप भरलं का बघ, म्हणून. आम्ही दोघं हसायचो. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत घडत होतं आणि तरी ‘तिला झोप कमी लागते’ हे वाक्य तसंच उभं होतं.

आत्याचं खरं होतं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मी कॉलेजात असताना महिनाभर गावी राहिले तेव्हा तिला नीट पाहिलं. पोलादपूरजवळ डोंगरात तिचं घर. रात्री अकरापर्यंत ती गप्पा मारायची, पहाटे साडेचारच्या आत उठलेली. पाऊस असो, सण असो, शेतातलं काम सरलेलं असो. कुणी उठवणारं नाही, पाणी आडात कायम. दुपारी सगळं गाव कलंडायचं तेव्हा ती गोधडी शिवत बसायची आणि सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. तिच्या रक्तात काय आहे हे कुणी तपासलं नाही, पण उठवणारं कुणी नसताना जेवढं झोपून माणूस आपोआप, ताजं उठतं आणि दिवसभर पेंगत नाही, तेवढी त्याची झोप. ही कसोटी आत्यावर लागू झाली होती. आईवर ती लावायची संधी कधी आलीच नव्हती.

लेक आठवीत गेली आणि माझ्या घरात पुन्हा हीच भांडणं सुरू झाली. रात्री बारापर्यंत तिला झोप येत नाही, सकाळी सहाला ती उठत नाही, शाळा सात दहाची. मीही तिला तेच ऐकवलं जे मला ऐकवलं गेलं होतं. ‘लवकर निजे, लवकर उठे’ सुद्धा ऐकवलं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं आणि रात्रीची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं, हे मला नंतर समजलं. मोबाइलचा उजेड त्यात भर घालतो, तो मी आता रात्री दहाला काढून घेते. पण मोबाइल नसलेल्या रात्रीही ती साडेअकरापर्यंत छताकडे बघत पडलेली असते. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलायला सुचवलं, आणि 8 फेब्रुवारी 2024 ला सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. तरी वाटतं, ज्या वयात घड्याळ खरोखर उशिराचं होतं ते वय या निर्णयाच्या बाहेर राहिलं. लहानग्यांसाठी नऊचे वर्ग हवेत, तर आठवी-नववीला सकाळचं सत्र द्यायचं, एका इमारतीत दोन सत्रं बसवायची तर दुसरं काय होणार? मी पालकसभेत हे बोलले. दोघी-तिघींनी मान हलवली. एका गृहस्थांनी पाच तास झोपून मोठ्या झालेल्या माणसांची नावं सांगितली. ती नावं मी लहानपणापासून ऐकते आहे. त्या माणसांची पाण्याची वेळ कोण सांभाळत होतं, हे कुणी सांगत नाही.

झोप ही आळशाची आणि जागरण कर्त्या माणसाचं, हे आपल्यात कुठून आलं कोण जाणे. आयुर्वेदाने तर शरीराचे तीन उपस्तंभ सांगताना आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला बसवलं. आणि आमच्याच ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी जी मागणी लावून धरली ती विश्रांतीचीच होती: आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास. 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली. अण्णांची साप्ताहिक सुट्टी असली की ते दुपारी जेवून झोपायचे ते दिवेलागणीला उठायचे. त्या झोपेला आजीसुद्धा काही बोलत नसे. आईला मात्र आठवड्याची सुट्टी नव्हती, कारण नळाला नव्हती.

चाळ सहा वर्षांपूर्वी पुनर्विकासासाठी रिकामी झाली. अण्णा त्याआधीच गेले होते. आई माझ्याकडे मानपाड्याला आली. आमच्या इमारतीला टाकी आहे, पंप आहे, नळ कधीही सोडा, पाणी येतं. पहिल्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर ओट्यावर सिंकमध्ये, नळाखाली, पातेलं उपडं घातलेलं. मी काही बोलले नाही. सकाळी लेकीने विचारलं, “आजी, पातेलं असं का ठेवलंस?” आई म्हणाली, “असू दे गं.”

पहिले दोन महिने ती चारलाच उठायची. दिवा न लावता स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, नळ सोडून बघायची आणि बंद करायची. बिनकामाचं उठून बसणं तिला सोसत नव्हतं आणि झोपही येत नव्हती. पस्तीस-चाळीस वर्षं रोज त्याच वेळी उठलं की शरीर ती वेळ धरून बसतं. मी दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर बारीक पेन्सिलीने तिची उठायची वेळ लिहू लागले. चार पाच. चार. सव्वाचार. मग एका आठवड्यात अचानक पाच दहा. मग साडेपाच. गणपतीच्या सुमाराला एक दिवस सहा चाळीस, आणि त्या दिवशी ती घाबरलीच. “मला काहीतरी झालंय,” म्हणाली. मलाही धाकधूक होती, कारण या वयात झोप एकाएकी वाढली तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघायला हवी, आणि कुणी घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही. तशी माणसं दहा तास झोपली तरी दमलेलीच उठतात. आईच्या तपासण्या केल्या. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवले आणि विचारलं, “दिवसभर कसं वाटतं आजी?” आई थोडा वेळ गप्प राहिली, मग जरा लाजून म्हणाली, “हलकं वाटतं.”

दिवाळीपर्यंत काही दिवस ती साडेनऊ-दहा तासही झोपली. नंतर ते कमी होत होत एका जागी थांबलं. रात्री साडेदहा, सकाळी सातच्या आसपास. कॅलेंडरवरच्या वेळा मी एका रविवारी बसून जुळवल्या: साडेआठ तास, कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त. पासष्टीच्या बाईला. मग वयाच्या पंचविसाव्या, तिसाव्या वर्षी तिला किती लागत असेल? मला वाटतं, नऊ. माझी झोप कुणाकडून आली, ते मला त्या रविवारी कळलं.

तांदूळ निवडताना तिची मान खाली जाणं थांबलं आहे. हातावर नवा डाग नाही. लेकीला सांगितलेली गोष्ट ती शेवटपर्यंत सांगते. हे सगळं मी तिला एकदा समजावून सांगितलं, आकड्यांसकट. तिने ऐकून घेतलं, आणि विचारलं, “मग तुला लहानपणी उगीच बोलत होतो गं आम्ही?” मी हो म्हणाले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

गेल्या आठवड्यात इमारतीत टाकी धुवायची होती, म्हणून सोसायटीने कळवलं की पाणी सकाळी सात ते अकरा बंद. मी साडेसहाला उठून दोन बादल्या आणि पिंप भरलं. नळाची धार मुद्दाम बारीक ठेवली होती, तरी आईच्या खोलीतून आवाज आला, अर्धवट झोपेतला.

“पाणी आलं का गं?”

“आलंय. मी भरतेय. तू झोप.”

ती कुशीवर वळल्याचा आवाज आला. मी नळाखालची बादली काढून दुसरी लावली, आणि पहिल्या धारेचा आवाज होऊ नये म्हणून तिच्यात आधी एक ओलं फडकं टाकलं.